सहाव्या शर्यतीतली होडी

मित्रांनो, होडी म्हटलं की तुम्हाला मासळी आठवते, म्हणून आधीच सांगते. माझ्यात आजवर एकही मासा पडलेला नाही. मी शर्यतीची, शिडाची, आता जुनी झालेली होडी आहे. माझ्यात एकटीनेच बसायचं, एका हातात सुकाणू धरायचं, दुसऱ्या हातात शिडाचा दोर, आणि वाऱ्याला गोडीगुलाबीने आपल्याला हवं तिकडे न्यायला लावायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी सगळ्याच मुली पाण्यात पडतात.

मुलींच्या एका कॉलेजच्या शेडमध्ये सुताराने मला घडवलं. पातळ प्लायवूड, तांब्याचे खिळे, निळ्या रंगाचे तीन हात. सुतार हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. ओठांत खिळे धरले असतील तेवढाच वेळ गप्प बसायचा. त्याच्या दोन मुली, मोठी आणि धाकटी, त्याच शेडमध्ये वाढल्या. लहानपणी दोघी माझ्यात झोपायच्या, असं तो येईल त्याला सांगायचा. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण मी कधी खोडून काढलं नाही.

माझ्या मागच्या फळीत तळाशी एक भोक आहे. किनाऱ्याला आलं की तिथलं बूच काढायचं, आत साचलेलं पाणी सोडायचं आणि बूच पुन्हा बसवायचं. ज्याने काढलं त्यानेच बसवायचं, तळहाताने दोनदा ठोकायचं आणि विचारलं की मोठ्याने सांगायचं, हा सुताराचा नियम. त्यामुळे शेडमध्ये दिवसभर तेच चालू असे. "बूच?" "बसलं!" दोघी बहिणी तर जेवणाच्या डब्याचं झाकण लावतानाही असंच म्हणायच्या.

दरवर्षी महिला महाविद्यालयांच्या अजिंक्यपद स्पर्धा होत. प्रत्येक कॉलेजची एक होडी आणि दोन मुली, आळीपाळीने सहा शर्यती. सलग तीन वर्षं आमचा दुसरा नंबर आला. "एकदा आणा गं तो करंडक," सुतार म्हणायचा, "मग मी बोलायचं बंद करतो." हे ऐकून तरी मुली जिंकतील, असं सगळे हसत म्हणायचे.

चौथ्या वर्षी आमच्याकडून या दोघी बहिणीच उतरणार होत्या. स्पर्धेला पाच आठवडे असताना सुतार गेला. भर दुपारी, शेडमध्ये, माझं अंग घासत असताना त्याच्या छातीत कळ आली. त्याचा हात माझ्यावरच होता. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळत होतं.

मोठीचंही तसंच झालं. दवाखान्याचे कागद, नातेवाइकांचे फोन, आईला दोन घास खायला लावणं, सगळं तिने केलं. धाकटी रडून रडून तापाने पडली, तिचं डोकंही हिनेच चेपलं. शेडमध्ये येणारा जाणारा म्हणायचा, "मोठी खंबीर आहे हो, घर सावरलं पोरीने." कोणी विचारलं तर ती "मी ठीक आहे" म्हणायची. ते ऐकून माणसं सुटल्यासारखी निघून जायची.

स्पर्धेत ती यंत्रासारखी खेळली. तिचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष होतं. पाचवी शर्यत तिने सहज मारली, प्रशिक्षक बाई काठावर उड्या मारत होत्या. आता सहाव्या शर्यतीत धाकटी तिसरी आली तरी करंडक आमचा होता. मोठी मला किनाऱ्याला घेऊन आली, तिने बूच काढलं, पाणी सोडलं आणि ती उभी राहिली. सुकलेल्या वाळूकडे बघत नुसतीच उभी.

"बूच?" धाकटीने शीड सावरत विचारलं.

"बसलं," मोठी म्हणाली.

ती खोटं बोलली नाही, मित्रांनो. इतक्या वर्षांचा प्रश्न होता, उत्तर आपलं आपणच बाहेर पडलं. बूच दोरीला लोंबकळत होतं.

पाणी आत यायला लागलं तेव्हा मी काहीतरी करायला हवं होतं. होडीने काय करायचं असतं, ते मला माहीत नाही. मी फक्त जड होत गेले. पहिल्या बोयाला, वळणाच्या त्या तरंगत्या खुणेशी, धाकटीच्या घोट्यापर्यंत पाणी आलं, तेव्हा कुठे तिने मागे वळून पाहिलं. सुकाणू सोडून ती मागे झेपावली, बूच बसवलं, तळहाताने दोनदा ठोकलं. तेवढ्यात मी भलतीकडे वळले आणि चार होड्या पुढे गेल्या. उरलेली शर्यत तिने शिडाचा दोर पायाखाली दाबून, एका हाताने सुकाणू धरत, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत काढली. आम्ही सहाव्या आलो.

"काय झालं गं तुला?" बाई ओरडल्या.

"माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. "वाऱ्याचा अंदाजच आला नाही."

मोठीने नेहमीप्रमाणे बूच काढलं. पाण्याची धार लागली ती थांबेचना. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी घाईघाईने म्हणाली, "चल, शीड उतरव आधी."

नंतर आठ दिवस शेडमध्ये एकच चर्चा होती. मोठीने कमावलं, धाकटीने घालवलं. मोठी ऐकायची आणि दोरांच्या गुंडाळ्या करत राहायची. तिला लाज वाटली असती तर बरं झालं असतं. पण लाजही वाटत नव्हती.

नवव्या दिवशी बाई पुढच्या वर्षीची यादी करायला आल्या. फळ्यावर कप्तान म्हणून धाकटीचं नाव आधीपासून लिहिलेलं होतं. बाईंनी डस्टर उचललं. "वाईट वाटून घेऊ नकोस," त्या धाकटीला म्हणाल्या, "पण तुला दडपण सोसत नाही."

धाकटीने मान डोलावली.

"बाई, थांबा," मोठी म्हणाली. "बूच मी बसवलं नव्हतं."

"कसलं बूच?"

"सहाव्या शर्यतीला. हिने विचारलं, मी बसलं म्हणाले. अर्धी होडी भरली होती, तरी हिने ती बुडू दिली नाही."

"कशाला बोललीस?" धाकटी चिडली. "मी म्हटलं होतं का तुला बोल म्हणून? किती सहन करशील अजून?"

"मी काहीच सहन करत नाहीये गं. सगळे तुला बोलताहेत, मी ऐकतेय, आणि मला काही होतच नाही." तिने माझ्या काठावर हात ठेवला. मग नुकताच कुणाचा तरी फोन यावा तसं ती म्हणाली, "बाबा गेले."

"हो गं," धाकटी म्हणाली. "गेले."

माझ्या अंगाला पाठ लावून मोठी खाली बसली आणि गुरासारखी ओरडून रडली. धाकटी तिला बिलगून बसली. बाई हातात डस्टर घेऊन तशाच उभ्या राहिल्या, नाव काही त्यांनी पुसलं नाही.

मित्रांनो, माझं प्लायवूड त्या शर्यतीत आतून भिजलं ते भिजलंच. आता मी दोन लाकडी घोड्यांवर उपडी पडून असते. कधी माझ्यासारखी जुनी होडी दिसली, तर तिला उन्हात ठेवा. आणि तुमच्या घरात सगळी कामं नीट करणारं, विचारलं की "ठीक आहे" म्हणणारं कोणी असेल, तर त्या उत्तरावर निघून जाऊ नका. जवळ बसा. सहा आठवडे उशीर झाला असेल तरी बसा.