आत्यांचा लाभांश

"आईला एवढं घाबरवू नको," असं नवरा म्हणाला होता, ते मी उडवून लावलं. फसवणुकीच्या धास्तीनं मी सासूबाईंना, म्हाळसाआत्यांना, बजावलं होतं की पैशांचा मेसेज आला की पुसून टाकायचा.

घरच्या मेंढ्या विकल्यावर त्या पैशांतून आम्ही आत्यांच्या नावावर लाभांश देणारे शेअर घेतले होते. उतारवयात त्यांना दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागू नये, एवढीच इच्छा. पण वर्ष सरलं तरी "काय बी आलं न्हाई" म्हणत आत्या पुन्हा खुरपायला निघाल्या. शेअर बुडाले की काय, या काळजीनं मी बाळाला कडेवर घेऊन त्यांना दौंडच्या बँकेत नेलं.

कारकून हसला. "आजी, लाभांश तर वर्षभर जमा होतोय. मेसेज आले नाहीत?"

"आलं की! सूनबाईच्या हुकमानं समदं पुसलं." मग आत्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी राबायचं कंपनीनं आन् मजुरी मला? लई झ्याक!"

येताना त्यांनी जिलेबी घेतली आणि उद्यापासून रानात येणार नाही, असं मुकादमाला फोनवर ऐटीत कळवलं.

तुमच्याही घरात कुणी वडीलधारं माझ्यासारखीच्या धाकानं मेसेज पुसत असेल. आज जरा त्यांच्याजवळ बसून विचारा.