बाबांचा अर्धा कान

कानाची मशीनं विकण्याच्या धंद्यात एक सोय आहे, ती दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नाही. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं असताना त्याच्याच तोंडावर त्याची निंदा करता येते. मशीन कानात असलं की गोड बोलायचं, काढलं की खरं बोलायचं. कानवाले आणि त्यांची बायको ही सोय इतकी वर्षं भोगत होते, की आता ती त्यांना आपला हक्कच वाटायला लागली होती.

दुकान होतं सासऱ्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. सासऱ्यांनी जन्मभर कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारली. आवाज असा, की फरारी आरोपीलासुद्धा हजर व्हावंसं वाटावं. निवृत्तीनंतर आवाज होता तसाच राहिला, कान तेवढे गेले. जावयाचं दुकान घरात, तरी म्हातारा मशीन लावून घेईना. "मला ऐकू येतं!" ते गरजायचे. "लोकच ऐकण्यासारखं काही बोलत नाहीत!"

अशात मेहुण्याला ती पुढची खोली हवीशी झाली. त्याला व्यायामशाळा काढायची होती. "याने आजवर उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे जेवणाचं ताट," असं कानवाले म्हणायचे, आणि सासरे, म्हणजे बाबा, शेजारी बसलेले असतानाच म्हणायचे. कटकट फार वाढली तेव्हा बाबांनी कोर्टाच्या थाटात निकाल दिला, "रविवारी संध्याकाळपर्यंत जावयाने मला ऐकू आणून दाखवावं. आलं तर खोली त्याची, नाही तर पोराची. अपील नाही!"

रविवारी दुपारी बाबा खुर्चीत बसले. मशीन कानात, मशीनची वायर कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर नवा कोरा होता. जुन्याने मान टाकली तेव्हा मेहुण्याने कधी नव्हे ते मदतीला धावून येऊन हा आणून बसवला होता. मेहुण्याचं प्रेम उतू जायला लागलं की चुलीखाली वाकून बघावं, हे कानवाल्यांना कळायला हवं होतं.

मशीनला सूर लावायचा प्रोग्रॅम मात्र जुनाच, नवरा-बायकोच्या हाताखालचा. तो आधी बारीक आवाज वाढवायचा, मग रोजच्या बोलण्याचं बघायचा, आणि सरतेशेवटी मोठ्या आवाजांना लगाम घालायचा. बारीक आवाजाचं काम झालं. हिरवी पट्टी पुढे सरकली, आणि पडद्यावर चौकट उमटली : 'आपल्या सुरक्षिततेसाठी हा प्रोग्रॅम बंद करण्यात आला आहे.'

"कोणाच्या रे सुरक्षिततेसाठी, मेल्या?" कानवाल्यांनी पडद्याला विचारलं आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडला. पुन्हा तिथेच येऊन गडप. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर पुसली, उंदराला दोन टपल्या मारल्या. फरक शून्य.

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"तो आतला वॉचमन आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "तुमचा जुना प्रोग्रॅम नुसतं सामान ठेवायच्या जागेत शिरून काम करायला लागतो. वॉचमनला ती घरफोडी वाटते. धरतो गचांडी आणि काढतो बाहेर."

"अहो, पण घर माझं आणि चोरही माझाच!"

"मग त्याला सूट द्या की. सेटिंगमध्ये सूट दिलेल्यांची यादी असते, तिच्यात प्रोग्रॅमचं नाव घाला. मालकाचा पासवर्ड तेवढा लागेल."

मालक कोण? तर ज्याने कॉम्प्युटर बसवला तो. आणि तो त्याच वेळी टेप घेऊन दारात उभा, भिंतीची लांबी मोजत.

"पासवर्ड होय?" मेहुण्याने कपाळावर हात मारला. "विसरलोच बघा, भावोजी! कुठेतरी लिहून ठेवलाय. सोमवारी शोधतो." मग बाबांच्या कानाशी वाकून तो ओरडला, "बाबा! कसं वाटतंय?"

बाबा खुर्चीतून वीतभर उडाले. एरवी हे कानवाल्यांच्या झटकन ध्यानात आलं असतं. बारीक आवाज वाढलेत आणि मोठ्यांना लगाम नाही, म्हणजे माणसाला कुजबुज लख्ख ऐकू येते आणि ओरडणं हातोड्यासारखं बसतं. पण खोली हातची चाललेली बघून त्यांची विद्या रजेवर गेली होती. मशीन कानात आहे, चालू आहे, याचाही त्यांना विसर पडला.

"उडाला कसा बघ म्हातारा," ते बायकोशी हळू आवाजात म्हणाले. "मशीन नको, काही नको, नुसता हट्ट. याच्या कानात मळ नाही, अहंकार भरलाय."

"माझे वडील आहेत ते," बायको तितक्याच हळू म्हणाली. "पण खरंय. आईसुद्धा म्हणायची, या माणसाला आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारता आली, माझं एकदा प्रेमाने घेता आलं नाही."

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तिकडे खिडकीपाशी मेहुणा तोंडावर हात धरून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे, पाठ आहे मला पासवर्ड, पण देतो कशाला? आजचा दिवस सरू दे. वजनं आणून ठेव तू. म्हाताऱ्याला काय, त्याच्या बाजूला बॉम्ब फुटला तरी विचारेल, कोणी दार वाजवलं?"

बाबा उठले. आता गर्जना होणार म्हणून सगळ्यांनी सवयीने खांदे आवळले. पण बाबांना पहिल्यांदाच स्वतःचा आवाज पुरता ऐकू येणार होता, आणि त्याची त्यांनाच धास्ती वाटत होती. ते इतकं हळू बोलले, की ऐकायला तिघांना पुढे वाकावं लागलं.

"पाठ आहे ना, पोरा? मग सांग."

मेहुण्याच्या हातून टेप सुटली आणि सळकन गुंडाळली गेली. "काय, बाबा?"

"पासवर्ड. मोठ्याने नको. मला हळूच ऐकू येतं."

मेहुणा जमिनीकडे बघत पुटपुटला, "पुढचीखोलीमाझी."

"नीट सुटं करून सांग त्याला," बाबा म्हणाले. कानवाल्यांनी बोटं चालवली, प्रोग्रॅमचं नाव यादीत चढवलं. हिरवी पट्टी निघाली ती थेट टोकाला पोचली. ना चौकट, ना सुरक्षितता.

"खोली जावईबापूंची," बाबा आता साध्या आवाजात म्हणाले. मेहुणा व्यायाम न करताच घामाघूम होऊन निघून गेला. कानवाल्यांच्या चेहऱ्यावर पेढा खाल्ल्यासारखं हसू पसरलं, तोच बाबांनी खुर्ची उचलून दुकानाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. "मी रोज इथेच बसणार. माझ्या कानातला अहंकार उतरतोय का ते बघायला."

कानवाल्यांचं हसू अर्ध्यावर बंद पडलं. बायको आत चहा टाकायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा बाबांनी तिला नावाने हाक मारली, हळू. तिने चहाचा पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. निवृत्त शिक्षिका होती बाई, मशीन काढून तिने टेबलावर ठेवलं. कानवाले सवयीने बायकोकडे झुकले, "आली बघ, हिच्या वर्गातली पोरं..."

"हजर आहे," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

कानवाल्यांनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.

"हजर," बाबा म्हणाले.