तांबडीवरचा राखेचा थर

मित्रांनो, आपली हकीकत सांगताना वस्तू बहुधा आधी आपले म्हातारपण सांगतात. मोडकी छत्रीसुद्धा 'मी जुनी' म्हणते आणि ऐकणाऱ्याचा आदर मिळवते. मला ती सोय नाही. मी एक थर आहे, राखेचा थर, आणि माझे सारे दुःख हेच की मी जुना नाही.

लोणावळ्याला रेल्वेच्या आवाराबाहेर एक सोडून दिलेली दगडखाण होती. रुळांखाली घालायची खडी तिथूनच निघाली होती. खडी काढून काढून तिथे उभा कडा तयार झाला होता, आणि चिरलेल्या कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे त्यात जमिनीचे थर दिसत. सगळ्यांत खाली काळा पाषाण. त्यावर हातभर जाडीचा तांबडा थर. त्यावर पुन्हा काळा पाषाण, मग थोडी माती. आणि मातीवर मी.

मला कोंडूने जन्माला घातले. कोंडू डोंगरातल्या वाडीचा. इंजिनांची राख उपसण्याच्या कामावर तो होता. घाट चढून आलेली इंजिने लोणावळ्याला धापा टाकत थांबत. त्यांच्या पोटातली राख खाली पडे आणि कोंडू ती घमेल्यात भरून खाणीच्या काठावर आणून ओती. राखेबरोबर अर्धवट जळलेले कोळसे येत, वाकलेले खिळे येत, कधी फुटकी कपबशी, कधी सोड्याच्या बाटलीची काच. वर्षामागून वर्षे गेली आणि मी कोंडूच्या उंचीचा झालो.

त्या दिवसांत मला मान होता. कोंडूची बायको सारजाबाई रोज सकाळी येई, मला उकरी आणि कोळसे वेचून नेई. वाडीतल्या इतर बायाही येत. पावसाळ्यात सरपण भिजले की माझ्याच कोळशांवर त्यांच्या भाकरी भाजत. "लय गुनाची रास हाय ही," असे सारजाबाई म्हणे आणि मी फुगून जाई.

पण माझ्याकडून निघाली की ती कड्याखाली उतरे. तिथे त्या तांबड्या थरातून बारमाही पाणी झिरपत असे. वाडीची माणसे त्या थराला 'तांबडी' म्हणत. हंडा लावण्याआधी सारजाबाई तांबडीला हात लावून तो कपाळाला टेकवी. मला उकरायचे आणि तिच्या पाया पडायचे! मित्रांनो, तेव्हापासून माझ्या पोटात जे जळू लागले ते कोंडूच्या निखाऱ्यांनी नव्हे. तांबडीने असे काय केले होते? एका जागी पडून राहिली होती, एवढेच. एक चूल तिने कधी पेटवली नाही. तरी तिला नाव होते, आणि मी नुसताच राखेचा ढीग.

मग एका पावसाळ्यानंतर तांबडीचे पाणी कडवट लागू लागले. माझ्यावर पडलेला पाऊस माझ्यातून मुरत होता, मातीतून, दगडाच्या चिरांतून खाली उतरत होता. वाडीतली पोरे पोट धरून बसू लागली. सारजाबाईची धाकटी लेक तर कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली. लेक जरा उठून बसली तशी सारजाबाई तडक खाणीच्या काठावर आली. कोंडू घमेले घेऊन उभाच होता.

"अवं, तुमची राख पान्यात उतरलीया. थांबवा की आता."

"माजी राख?" कोंडू चिडला. "कोळसा कुनाचा, विंजिन कुनाचं! मी आपला नुसता वतनारा."

"पर वतनारं हात तुमचंच हायती न्हवं?"

कोंडूने मान खाली घातली आणि घमेले माझ्यावर ओतले. पोटापुढे त्याला दुसरी वाट नव्हती.

मला मात्र आनंदाचे भरते आले. बाया आता लांबच्या ओढ्याला पाण्याला जाऊ लागल्या. तांबडीपुढे कोणी वाकेना. 'आता कळेल तिला,' असे मी मनाशी म्हणत होतो. पण ओढ्याची वाट दुसऱ्या अंगाने जात होती. पाण्याला इकडे येणे नाही, तर कोळशाला तरी वाट वाकडी कोण करणार? बाया माझ्याकडेही येईनाशा झाल्या.

पुढे विजेची इंजिने आली. त्यांना ना धूर, ना राख. कोंडूला रुळांच्या कामावर घातले. काही वर्षांनी तो तापाने गेला. माझ्यावर घाणेरीची झुडपे माजली. मी वाढायचा थांबलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका हिवाळ्यात पुण्याहून एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थी घेऊन कडा दाखवायला आले. रिसबूड त्यांचे नाव. त्यांच्याबरोबर त्यांच्याच हाताखाली शिकून आता स्वतः शिकवणाऱ्या नंदाबाई होत्या. रिसबुडांनी खाणीच्या काठावरून काठी तांबडीकडे रोखली आणि ते सांगू लागले. एकदा आगीचा रस वाहत आला आणि थंड झाला. त्यावर माती जमली, झाडे आली. मग दुसरा रस आला आणि त्याने ती माती भाजून तांबडी केली. मध्ये गेलेला काळ माणसाच्या मोजणीत मावत नाही. विद्यार्थी तोंडे उघडी ठेवून ऐकत होते. मी जळत होतो.

काठी माझ्याकडे वळली. "वरचा कचरा सोडून द्या," रिसबूड म्हणाले.

"सर, कचरा का?" नंदाबाईंनी विचारले. "तोही थरच आहे. खाली आगीचे युग आहे, तसे हे माणसाचे युग म्हणता येणार नाही?"

"युग? अहो, इथे आगगाडी येऊन शंभर वर्षेसुद्धा झाली नाहीत. पृथ्वीच्या आयुष्यात ही पापणीची उघडझापही नव्हे. दिसेल तिथे आपले नाव कोरायची माणसाला खोडच आहे."

"पण माणसाने हा डोंगर फोडला. कुठल्या कुठून कोळसा आणून इथे जाळला. विजेसाठी पूर्वेला जाणारे पाणी अडवून घाटाखाली पश्चिमेला सोडले. आपल्यानंतर कोणी हा कडा वाचला, तर त्याला ही काळी रेघ दिसणार नाही?"

"दिसेल," रिसबूड म्हणाले. "टिकली तर."

माझ्यासाठी कोणीतरी भांडत होते! उभ्या जन्मात हे पहिल्यांदाच घडत होते.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली सारजाबाई तिथे येऊन उभी राहिली. केस पिकले होते, पण आवाज तोच. "कशाला नाव घालताय, बाई?"

नंदाबाईंनी तिला समजावून सांगितले. सारजाबाईने मोळी खाली टाकली. "नाव मागनं घाला. आदी ह्ये हितनं हलवा. आमचं पानी नासलंय."

नंदाबाई कड्याखाली उतरल्या. तांबडीचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, घोटभर प्यायल्या आणि त्यांचे तोंड वाकडे झाले.

"आता बोला," वरून रिसबुडांनी विचारले. "थर राखायचा की पाणी?"

"पाणी," त्या म्हणाल्या. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. माझा एकुलता एक वकीलही तांबडीला मिळाला.

त्या उन्हाळ्यात वाडीने मला खणायला घेतले. लढाईमुळे सरपण महाग झाले होते, त्यामुळे कोळसा घरोघर गेला. खालच्या गावचा शेतकरी महिपती गाडी जुंपून येई आणि राख भरून नेई. गाडीवाटेच्या चाकोऱ्या त्याने माझ्या राखेने बुजवल्या. सुट्टीत नंदाबाईही पदर खोचून घमेली उचलत होत्या. शेवटी पाण्यापासून दूरच्या टोकाला माझा बोटभर जाडीचा छोटासा तुकडा उरला. महिपतीने त्यावर कुदळ उगारली.

"एवढा राहू द्या," नंदाबाई म्हणाल्या.

महिपतीने सारजाबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तांबडी कुनी केली त्ये इचाराया जागा न्हाई. ह्ये कुनी केलं त्ये मला ठावं हाय. माज्या मानसाची हयात गेलीया ह्यात."

महिपतीने कुदळ खाली घेतली.

पुढचे काही पावसाळे गेले आणि तांबडीचे पाणी पुन्हा गोड झाले. माझ्यावरून अजून वाद होतो. कडा बघायला येणारी शहाणी माणसे दोन पक्ष करतात, तावातावाने बोलतात आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की निघून जातात. नाव अजून कोणी दिलेले नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणीतरी हा वाद मिटवायला बसेल. मी साधू झालेलो नाही. तांबडीचे कौतुक कानावर आले की मला अजून झोंबते. मला नाव हवे आहे, फार हवे आहे. तुम्ही माझ्या बाजूने जरूर बोला. पण नाव शोभावे म्हणून मला जाड करू नका. जे काही टाकायला उचलाल, ते टाकण्याआधी आपण कोणाच्या पाण्यावर उभे आहोत हे पाहून घ्या. माझ्या खालच्या थरांना कोणी जाब विचारणार नाही. माझ्यासाठी तुम्हाला विचारतील. म्हणून सांगतो, मला बोटभरच राहू द्या.