फ्लॉरीचं हिवाळी शीड

टॅम्सिननं खडूची शेवटची रेघ ओढली आणि ती भलतीकडेच गेली.

"काका, जरा इकडे या," गुडघ्यांवरून न उठताच ती म्हणाली. "बूट काढून."

डेन्झिल नॅन्कॅरोनं दाराशी बूट काढले. शिडं शिवायच्या त्या माळ्यावर बूट घालून फिरायची रीत नव्हती, तिच्या बापाच्या काळीही नव्हती. फळ्यांची जमीन घासून घासून आरशासारखी झाली होती. शीड आधी या जमिनीवर खडूनं पूर्ण मापाचं आखायचं, मग कापड कापायचं. आत्ता तिथं डेन्झिलच्या होडीचं, फ्लॉरीचं, मुख्य शीड आखलेलं होतं आणि ते चक्क वाकडं दिसत होतं.

"ही डोलकाठीकडची बाजू, बारा फूट," टॅम्सिन खडूनं दाखवत म्हणाली. "ही खालच्या काठीची, अठरा. आणि हे तिरकं माप, वरच्या कोपऱ्यापासून या काठीच्या टोकापर्यंत, पंचवीस. तुमच्याच कागदावरनं घेतलंय. असं शिवलं तर खालच्या काठीचं टोक पाण्यात बुडेल. शीड नाही, नांगर होईल त्याचा."

मापाची फीत जुनी झाली असेल, असं डेन्झिल पुटपुटला.

"फीत खराब असती तर तिन्ही मापं सारखीच बिघडली असती, काका. होडी आटल्याचं मी ऐकलं नाही."

ती उठली आणि कपाटातून मापवही काढून आणली. नदीवरच्या प्रत्येक होडीचं एक पान त्या वहीत होतं. फ्लॉरीच्या पानावर तिच्या बापाच्या हातचं लिहिलेलं होतं, पंधरा, वीस, पंचवीस. बोट ठेवून ते तिनं वाचून दाखवलं नाही. वही फक्त उघडी धरली.

डेन्झिलला आपली चूक कळली. जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं एकेक बाजू कमी करून लिहिली होती. पंधराचे बारा केले, विसाचे अठरा. तिरक्या मापाशी आला तेव्हा हातानं आपणहून पंचवीस लिहिलं. सात वर्षांचा असताना बापानं ती मापं त्याच्याकडून प्रार्थनेसारखी पाठ करून घेतली होती. खोटं बोलायला बसलेला माणूस प्रार्थनेच्या ओघात खरं बोलून गेला, तसं झालं होतं.

फॅल नदीच्या या भागात कालवं काढायची ती फक्त शिडावर किंवा वल्ह्यांवर. इंजिन लावून जाळी ओढायला बंदी, आजोबांच्या आधीपासूनची. त्यामुळे कालवं टिकली आणि शिडंही टिकली, पण माणसं टिकवायची सोय काही त्या कायद्यात नव्हती. डेन्झिल एकाहत्तर वर्षांचा होता. गेले दोन हिवाळे त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता. शीड चढवायचं म्हणजे वरची जड काठी दोन दोरांनी एकदम ओढून वर न्यायची. ते तो एका दमात करायचा, आता पाच दमांत करत होता. म्हणून सकाळी सगळ्या होड्या सुटेपर्यंत तो काहीतरी शोधत असल्यासारखा होडीत वाकून बसायचा, आणि मग कुणी बघत नसताना शीड चढवायचा. नऊला काम सुरू, तीनला बंद, असा नियम. त्याचे रोज पाऊण तास या लाजेत जायचे.

मार्चमध्ये जुनं शीड मधोमध फाटलं. नवं पूर्ण मापाचं घेतलं तर कोऱ्या कापडाचं वजन त्याला पेलणार नव्हतं, म्हणजे काम सोडावं लागणार. लहान घेतलं तर काम चालणार होतं, पण फ्लॉरीचं शीड लहान झालेलं अख्ख्या नदीला दिसणार होतं. त्यानं लहान मागवायचं ठरवलं, आणि मापं चुकली असं लोकांना सांगायचं. दोष शिवणारीवर गेला असता, याचा विचार त्यानं तेव्हा केला नव्हता. आता तिच्यासमोर मोज्यांवर उभा राहिल्यावर तो विचार आला आणि त्याला बसावंसं वाटलं.

टॅम्सिननं त्याला बाकावर बसवलं, चहा दिला, सोबत केशराचा गोड पाव दिला. ती बराच वेळ कापडाचा एक तुकडा बोटांत चोळत बसली.

"कुठला खांदा?" तिनं शेवटी विचारलं.

"उजवा."

"मेरिलकाकूला माहितीये?"

"रोज तेल तीच चोळते. तिला माहीत नसेल तर कुणाला?"

मग तिनं त्याला नीट सांगितलं, बापाच्याच सावकाश पद्धतीनं. नुसतं कापड कमी करून भागणार नाही, वजन वरच्या काठीत आहे. काठीच तीन फूट कापावी लागेल. मग बारा-अठराला तिरकं माप साडेएकवीसच्या जरा वर येईल आणि शीड नीट बसेल. पूर्वी प्रत्येक होडीला दोन शिडं असायची, तिनं आठवण करून दिली, उन्हाळ्यातल्या शर्यतींना मोठं आणि हिवाळ्यात कामाला लहान. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. वहीत ती तसंच लिहील, फ्लॉरी, हिवाळी शीड.

"लिही," डेन्झिल म्हणाला.

तिनं लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून म्हणाली, "आणि उन्हाळ्याचं?"

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. डेन्झिलनं पावाचे पडलेले कण एक एक करून तळहातावर गोळा केले.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला.

"बरं," टॅम्सिन म्हणाली. तिनं तेही लिहिलं. काही लोक असं लिहीत नाहीत, नुसती मान हलवतात. तिनं लिहिलं याचं त्याला बरं वाटलं. कापडाचा रंग कुठला, एवढंच मग राहिलं. तांबूस काथी, तो म्हणाला, नेहमीचाच.

काठी त्यानं घराच्या मागं स्वतः कापली. दोन लाकडी घोड्यांवर ती आडवी ठेवली, आणि मेरिलनं दुसरं टोक अंगाचा भार देऊन दाबून धरलं. ती काठी त्याच्या बापानं तासलेली होती. करवत डाव्या हातानं चालवायची सवय नव्हती, तेव्हा निम्म्यावर त्याला थांबावं लागलं. साठ वर्षांच्या लाकडातून राळेचा वास आला, कालच झाड पाडल्यासारखा.

"मी ओढू का?" मेरिलनं विचारलं.

"तू धर."

"धरलंय रे. धरूनच आलेय इतकी वर्षं."

तुकडा खाली पडला. मेरिलनं तो उचलून बघितला आणि ठेवायचा का म्हणून विचारलं. चुलीत घाल, तो म्हणाला. तिनं तो बगलेत धरून आत नेला. त्या रात्री घरात राळेचा वास होता आणि दोघांनी करंजीसारखी भाजलेली बटाट्याची पास्टी त्या वासातच खाल्ली.

शीड सप्टेंबरच्या शेवटी आलं. हंगाम एक ऑक्टोबरला उघडायचा. मधल्या चार दिवसांत डेन्झिलनं उत्तरं तयार केली. या नदीवर टोमणे मारल्याशिवाय कुणी कुणाला ओळख देत नसे. होडीला रंग दिला तर 'बायकोनं घराबाहेर काढलं का, आता इथंच राहणार', नवा दोर घेतला तर 'गळफास कुणासाठी'. त्यात हेडली ऑप्पी तर पहिल्या नंबरचा. डेन्झिलपेक्षा तीन वर्षांनी लहान, शेजारच्याच नांगरावर त्याची होडी, आणि पन्नास वर्षं दोघांची नुसती जुंपलेली. शीड धुवून आटलं का, असं हेडली विचारणार, हे तर ठरलेलंच. त्याला डेन्झिल म्हणणार होता, 'तुझ्या तोंडाइतकं मोठं मिळालं नाही, कापड संपलं.' म्हातारा झालास, असं म्हणाला तर त्यालाही उत्तर होतं. दाढी करताना डेन्झिल ती उत्तरं हळू आवाजात म्हणून बघायचा. मेरिल बाहेरून विचारायची, कुणाशी बोलतोस?

एक तारखेला वारा नैऋत्येचा होता, मध्यम. आठ वाजता सगळेच आपापल्या होड्यांवर होते. डेन्झिल यंदा वाकून बसला नाही. त्यानं दोर धरले आणि ओढले. काठी एका दमात वर गेली. इतकी सहज गेली की तो दोर धरून क्षणभर तसाच उभा राहिला. वर बघितलं तेव्हा काठी डोलकाठीच्या जुन्या झिजलेल्या जागेच्या बरीच खाली थांबली होती.

त्यानं दोर बांधले आणि हेडलीकडे बघितलं.

हेडली शिडाकडे बघत होता. खालून वर, मग वरून खाली. त्याचं तोंड उघडलं होतं. मग त्यानं ते मिटलं आणि खाली वाकून एक दोर सोडवायला लागला, जो आधीच सुटलेला होता. पलीकडच्या होडीवरून कुणीतरी छान सकाळ आहे म्हणून सांगितलं. डेन्झिलनं होय म्हटलं. दुसऱ्या एकानं हात वर केला, कुणाच्या दफनाला आल्यावर चर्चच्या दारात करतात तसा. टोमणा एकानंही मारला नाही.

कालवांच्या पट्ट्यावर काम असं चालतं: होडी वाऱ्यावर वरच्या टोकाला न्यायची, तिथं आडवी करायची, जाळी तळाला सोडायची, आणि ओहोटीबरोबर होडी आडवीच घसरत खाली जाते. वरच्या टोकाला जो आधी पोचेल, त्याचा पहिला फेरा. लहान शिडानं फ्लॉरी वर चढायला वेळ लावत होती. हेडली कधीच पुढं गेला होता, दोन होड्यांइतकं अंतर टाकून. डेन्झिलनं सुकाणू सैल केलं आणि दुसऱ्या फेऱ्याची वाट बघायची तयारी केली. त्यात नवीन काही नव्हतं. हेडलीनं पन्नास वर्षांत त्याला एक फेरा सोडला नव्हता. एकदा डेन्झिलच्या आईचं दफन होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हासुद्धा नाही.

वरच्या टोकाला हेडलीची होडी पोचली, आणि आडवी झाली नाही. ती तशीच पुढं गेली, पट्टा सोडून पलीकडच्या किनाऱ्याकडे, जिथं चिखलाशिवाय काही मिळत नाही हे दोघांनाही माहीत होतं. हेडलीनं मागं वळून बघितलं नाही. त्यानं नुसती टोपी सारखी केली.

पट्टा मोकळा पडला होता, पहिला फेरा डेन्झिलसाठी सोडून. डेन्झिलच्या तोंडात तयार केलेली सगळी उत्तरं होती. ओरडलं असतं तर हेडलीला ऐकू गेलं असतं, वारा त्याच्याच बाजूला वाहत होता.

ओहोटी लागली होती आणि फ्लॉरी वरच्या टोकाशी आली होती. डेन्झिलनं तिला आडवी केली. डाव्या हातानं पहिली जाळी काठावरून ढकलली, दोर बोटांमधून सरकू दिला, आणि जाळीच्या चौकटीचं लोखंड तळाला टेकल्याची थरथर हातात येईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं दुसरी जाळी सोडली.