जखमेपर्यंत न पोचलेली नळी

मी एक जुनी जेलची नळी आहे. मित्रांनो, जुनी म्हणायचं खरं, पण माझ्या हातून काम एकदाही झालं नाही.

प्रथिनांच्या इवल्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांच्या जाळ्यात पाणी धरून मला घडवलं. भाजलेल्या जखमेवर ओलं, मऊ पांघरूण घालायचं, एवढ्याचसाठी माझा जन्म. जात नाजूक, उकळलं की संपलेच! म्हणून सीलबंद करूनच माझ्यावर गॅमा किरण सोडले. जास्त झाले तर माझी वीण उसवते, कमी पडले तर जंतू उरतात. जंतू मेले, मी तगले. तेव्हा केवढा तोरा होता माझा!

२००६च्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या एका दवाखान्यात नमुना म्हणून मी एकटीच आले. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. त्या आगीत लुगडं पेटून बुधरीचा पाय भाजला होता. नीलिमा सिस्टरनं मला मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर अयूबभाऊंच्या हाती दिलं. "किरणानं शुद्ध केलेलं हाय, असंच लावजा," म्हणाली आणि बाळंतिणीकडे धावली.

अयूबभाऊंनी आजवर कैची, सुई काहीच न उकळता रोग्याला लावलं नव्हतं. सारा तालुका त्यांच्या हाताचं नाव काढायचा. मला उलटसुलट करत ते पुटपुटले, "किरण कोनं पाह्यले? पानी उकळते ते तं मले दिसते." मग बुधरीकडे वळले, "बाई, थांब जराशी. तुले कच्चं काईच लावत नाई."

त्यांनी मला उकळत्या पाण्यात सोडलं. नळीला कुठला आवाज? नाहीतर मी हंबरडा फोडला असता. सील उघडलं तेव्हा आतून नासक्या दुधासारखं पाणी गळलं. परतलेल्या सिस्टरनं मला हातात घेतलं.

"काऊन उकळलं जी, भाऊ?"

अयूबभाऊंनी मला पुसून बाजूला ठेवलं.

दुसरी नळी मागवली, ती आलीच नाही. जखम चिघळली. गडचिरोलीला बुधरीचा पाय गुडघ्याखाली कापला. माझ्यामुळे तो वाचलाच असता, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला जखमेपर्यंत जाताच आलं नाही, हेच मला खातं.

मित्रांनो, अयूबभाऊंनी हयगय केली असती तर निदान रागावता आलं असतं. त्यांनी जीव ओतून काळजी घेतली. नव्या वस्तूची काळजी घेण्याआधी तिचा स्वभाव विचारून घ्या, एवढंच माझं मागणं.

अयूबभाऊंनी मला फेकू दिलं नाही. कपाटाच्या काचेमागून मी सगळं पाहते. परवा कुबडी टेकत बुधरी आली, झोळीतली चारोळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्यावानी मले कोनीच जपलं नाई."