किणकिणणारी बरणी

मित्रांनो, सकाळचं ऊन माझ्यातून गेलं की भिंतीवर एक हिरवट डाग तरंगू लागतो. तो माझाच. मी जुनी काचेची बरणी. भट्टीत फुगताना माझी काच पातळ राहिली, म्हणून माझ्यात काही पडलं की मी गोड वाजते.

आधी मी शिंपीणकाकूंची बटणं सांभाळली. मग त्यांनी मला वस्तीच्या सभागृहात दिलं. सुट्टीच्या सकाळी तिथे आईबाप मुलांना घेऊन विज्ञानाचे प्रयोग करायला येत. जाताना कार्यक्रम आवडला तर निळा मणी माझ्यात टाकायचा, नाही तर शेजारच्या खोक्यात. मी नेहमी काठोकाठ! केवढी मिरवायचे मी!

एकदा कार्यक्रमाची तपासणी करायला पाहणीताई आली. या कार्यक्रमाचा उपयोग होत नसेल, तर तो बंदच व्हायचा होता. तिने तिथे आलेल्या रंगारीदादांच्या चिमुरडीला विचारलं, "काय आवडलं गं?"

"बरणीचा आवाज! मी मूठभर मणी टाकले."

ताई हसली आणि तिने मला सरळ ओतून टाकलं.

कार्यक्रम चालवणारे मास्तरकाका कळवळले. "अहो, भरलेली बरणी ओतताय?"

"कशाने भरली, ते कळायला नको का, काका? आता मोठ्या माणसाने मुलाला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली, तरच मणी."

कितीतरी वेळ माझ्यात एकही मणी पडला नाही. समोर रंगारीदादा चिमुरडीच्या हातातली टाचणी घेऊन पाण्यावर तरंगवू पाहत होते. "आण इकडे, तुला नाही जमायचं." टाचणी बुडाली. पुन्हा बुडाली. त्यांनी डोकं खाजवलं.

"का बुडतेय गं? तुला काय वाटतं?"

चिमुरडी पाण्याकडे बघत राहिली. दादांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाबा, तू ती टोकावर सोडतोस. आडवी निजव ना, हळूच."

टाचणी पाण्यावर निजली. पाणी तिच्याखाली गादीसारखं दबलं. ताईने माझ्यात एक मणी सोडला. रिकाम्या पोटात तो असा काही घुमला, की सगळ्यांनी वळून पाहिलं. भरलेली असताना मी कधीच अशी वाजले नव्हते.

पुढच्या सुट्ट्यांच्या सकाळी मणी वाढत गेले, सावकाश. काठापर्यंत मी काही भरले नाही. तरी ताई म्हणाली, "काका, चालू ठेवा. याचा उपयोग होतो, हे मी छातीठोकपणे सांगेन."

मित्रांनो, मला धुताना हात हलका ठेवा, काच आहे मी. आणि कुणाला काही विचारलंत, तर लगेच उत्तर ओतू नका. थोडी जागा रिकामी राहू द्या. आवाज तिथेच घुमतो.