डावखुऱ्यांचं गोत

घड्याळजींच्या लग्नात त्यांच्या बाजूची माणसं एका बाकावर मावली होती, आणि वर जागाही उरली होती. ही गोष्ट मेहुण्याने इतकी वर्षं जपून ठेवली. आता घड्याळजींच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा त्याने ती पुन्हा बाहेर काढलीच.

"दाजी, तुमच्याकडच्यांसाठी खुर्च्या मांडायच्या, की एखादं स्टूल पुरेल?"

घड्याळजींना हे असं झोंबलं की त्यांनी आपल्या घड्याळांच्या दुकानाला कुलूप लावलं आणि नातेवाईक शोधायला निघाले. हाताशी ऐकीव माहिती तेवढी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांचे खापरपणजोबा एका खेड्यात लोहार होते, पक्के डावखुरे होते, आणि त्यांना अकरा मुलं होती. अकरांचा पसारा आजवर केवढा वाढला असेल! घड्याळजी स्वतःही डावखुरे. डावा हात म्हणजे आपल्या घराण्याचा शिक्का, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

बसमधून उतरले तर समोर शेतात कापणी चाललेली, आणि झाडून सगळ्यांचे विळे डाव्या हातात! घड्याळजींचे डोळेच भरून आले. ते तसेच पिकात घुसले आणि पहिल्या माणसाला त्यांनी कडकडून मिठी मारली. त्याच्या हातात विळा होता, त्यामुळे मिठी दोघांच्याही जिवावर बेतता बेतता राहिली.

दिवस कलेपर्यंत त्यांनी मेहुण्याचा टोमणा सांगत सांगत अख्ख्या गावाला लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. कोणी चुलतभाऊ झाला, कोणी पुतणी, कोणी वहिनी. गिरणीवाला तेवढा उजव्या हाताने पीठ भरत होता, म्हणजे परका. त्यालाही तोंडदेखलं बोलावलं.

"मला वेळ नाही," तो मान वर न करता म्हणाला. घड्याळजींना त्याचं काही वाटलं नाही. परक्याचं काय मनाला लावून घ्यायचं?

ज्या म्हातारीला त्यांनी आत्या केलं होतं, तिच्या ओट्यावर सगळे चहाला जमले. म्हातारीने कप पुढे केला तो उजव्या हाताने. घड्याळजी चपापले.

"आत्या, तुम्ही उजव्या?"

"आम्ही सगळेच उजवे. विळा तेवढा डाव्या हाताने धरतो." म्हातारी त्यांच्या कानाशी आली. "तुझा खापरपणजोबा महा हेकट. धार लावायचा ती आपल्या हाताला सोयीची. आसपास दुसरा लोहार नाही. उजव्या हातात धरला की विळा पिकावरून घसरायचा. भांडून भांडून गाव थकलं, पण त्याने धार बदलली नाही. शेवटी गावाने हात बदलला. पुढे पोरं तेच शिकली, विळेही तसेच घडवून घ्यायची सवय पडली."

"आणि त्यांची अकरा मुलं?"

"एका गावात एवढ्या लोहारांचं पोट भरतं होय? पांगली दाही दिशांना. इथे उरलाय तो एकाच मुलाचा वंश. तो गिरणीवाला."

घड्याळजींनी कप खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बस," म्हातारी डोळे मिचकावत म्हणाली. "तुझ्या मेहुण्याला काय कळतंय?"

मोह तर झालाच. भरलेला मांडव आणि मेहुण्याचं पडलेलं तोंड, दोन्ही त्यांना डोळ्यांपुढे लख्ख दिसलं. पण तेवढ्यात सकाळच्या त्या मिठीवाल्याने आपलं तान्हं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बघ रे, काका आला तुझा." मग मात्र घड्याळजींना राहवेना. ते बाळासकट उठून उभे राहिले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "विळे पाहून मी तुम्हाला आपले समजलो. तुमचं माझं रक्ताचं नातं नाही."

घड्याळजींनी मान खाली घातली. ज्या मुलीला त्यांनी दुपारी पुतणी केलं होतं, तिचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे आम्ही आता लग्नाला यायचं नाही का?" तिने विचारलं. "मी तर शेजारी-पाजारी सांगूनही आले, माझा काका आलाय म्हणून."

घड्याळजींना हुंदकाच आला. बाळाच्या अंगावर आसवं सांडू नयेत म्हणून त्यांनी तो कसाबसा गिळला आणि आवाज चढवला.

"यायचं नाही? पाहुण्यांसारखं ऐन वेळी येणार होतीस की काय? आठ दिवस आधी ये. घरात कामं पडलीत ढीगभर!"